मुंबई पाहायची तर पंचांग उघडा

थंडीच्या सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत निम्मी पत्रं मुंबईची असतात. यावेळी त्यातली सात घेतली आहेत. सोयीसाठी काही पत्रं आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : आम्ही सहा जण, त्यात ७२ वर्षांची आई आणि दोन शाळकरी मुलं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रविवारी सकाळी मुंबईत उतरायचं, सोमवारी रात्री त्याच गाडीनं परत. रविवारी राणीची बाग आणि मरीन ड्राइव्ह, सोमवारी घारापुरी असं ठरवलं आहे. आईला लेण्यांच्या पायऱ्या झेपतील का? (सोलापूर)

पायऱ्यांचं नंतर बघू, आधी दोन दिवसांची अदलाबदल करा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. सोमवारी गेटवेवर गेलात तर बोटवाले तुम्हाला बोलावतील, तिकीटही देतील, पण ते असेल ‘हार्बर राइड’चं. म्हणजे अर्धा तास समुद्रात एक गिरकी आणि पुन्हा गेटवे. बेटावर पाय लागत नाही. बाहेरगावचे कितीतरी लोक दर सोमवारी असे फसतात. राणीची बाग बुधवारी बंद असते, त्यामुळे ती सोमवारी चालेल.

रविवारी सीएसएमटीला उतरल्यावर सामान क्लोकरूममध्ये टाका. बॅगांना कुलूप नसेल तर तिथे घेत नाहीत, तेव्हा छोटी कुलपं घरूनच आणा. टॅक्सीनं गेटवे दहा-पंधरा मिनिटांवर. सकाळी नऊच्या सुमाराला पहिल्या बोटी सुटतात आणि दुपारी दोन-अडीचनंतर जाणाऱ्या बोटींत अर्थ नाही, कारण बेटावर पोहोचेपर्यंत परतीची घाई सुरू होते. एका बाजूला साधारण तासाचा प्रवास. तिकीट जाऊन-येऊन असतं, त्याचा परतीचा भाग जपून ठेवा. वरच्या डेकवर बसायचं तर बोटीवर थोडे जादा पैसे घेतात. आईंना खालीच बसवा, वर जायची शिडी उभी असते. लाइफ जॅकेट द्यायला कंटाळा केला तर मागून घ्या आणि घाला. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर मोठी दुर्घटना झाली होती, तेव्हा ‘तासाभराचं तर काम आहे’ म्हणून ते मांडीवर ठेवू नका.

आईंच्या दृष्टीनं खरा अवघड भाग लेण्यांच्या पायऱ्यांचा नाही, गेटवेच्या पायऱ्यांचा आहे. ओहोटीला बोट खाली जाते आणि खालच्या दगडी पायऱ्यांवर शेवाळ असतं. धक्क्याला बोटी एकीला एक लागून उभ्या असतात, त्यामुळे कधी कधी एका बोटीतून दुसरीत पाऊल टाकावं लागतं. एक माणूस आईंच्या पुढे, एक मागे, हात रिकामे, पायात मागून पट्टा असलेली चप्पल. खलाशी हात देतात, तो दंडाला नाही, मनगटाला धरा.

बेटावर धक्क्यापासून पायऱ्यांच्या तळापर्यंत छोटी गाडी चालते. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर ताडपत्री. पायऱ्या रुंद आहेत, चढ बेताचा आहे. वीस-वीस पायऱ्यांवर थांबत गेलं तर गुडघे बरे असलेल्या माणसाला जमतं. नसेल जमत तर डोलीची खुर्ची मिळते. भाव खालीच, जाऊन-येऊनचा, आणि वर थांबण्याचा धरून ठरवा. माकडांपासून जपा. पाण्याची रंगीत बाटली आणि हातातली पिशवी ही त्यांची आवडती लूट. खाणं बॅगेत, बॅग पाठीवर नाही तर पोटावर. लेण्यांचं तिकीट वर वेगळं काढावं लागतं, भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना नाही.

आता लेणं. बहुतेक मंडळी आत शिरतात, थेट समोरच्या सदाशिवाशी जातात, सेल्फी काढतात आणि दहा मिनिटांत बाहेर. मुख्य दार उत्तरेला आहे आणि सदाशिव दक्षिणेच्या भिंतीत, खोल कोनाड्यात. बाहेरच्या उन्हातून आल्यावर तो निम्मा दिसतच नाही. डोळे सरावायला पाच-सात मिनिटं लागतात, ती दाराजवळच्या नटराज आणि योगेश्वर शिवाच्या शिल्पांपाशी घालवा. मग खांबांमधून हळूहळू पुढे जा. साडेपाच मीटर उंचीची ती तीन मुखं अंधारातून पुढे येताना दिसतात, आणि ती तशीच दिसावीत म्हणून खोदली आहेत. मधलं शांत, एका बाजूचं भुवया चढवलेलं, दुसरं हातात कमळ घेतलेलं. त्याच्या एका अंगाला अर्धनारीश्वर, दुसऱ्या अंगाला गंगाधर. मुलांना एक काम द्या: गंगाधराच्या डोक्यावर गंगा शोधायची. तिला तीन मुखं आहेत, सापडायला वेळ लागतो.

साडेअकरा-पावणेबारापर्यंत पाहून झालं तर दीडपर्यंत गेटवेला परत. जेवण तिकडेच करा. सोमवारी सकाळी राणीची बाग, पण भायखळ्याला लोकलनं अकरानंतर निघा, त्याआधी गर्दी तुम्हाला चेपून काढेल. बागेत सहा जणांसाठी तिकीट खिडकीवर कुटुंबाच्या तिकिटाची चौकशी करा: आई-वडील आणि दोन मुलांना मिळून १०० रुपये, एरवी मोठ्यांना ५०. मुलं पेंग्विनकडे धावतील. तुम्ही बागेच्या दाराजवळच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी एक दगडी हत्ती बघून घ्या. हा आदल्या दिवशी पाहिलेल्या घारापुरीचाच. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायला उचलत असताना कोसळून फुटला, म्हणून इथे राहिला. सांधे अजून दिसतात.

प्रश्न : पौर्णिमेला हाजीअलीला गेलो. दुपारी बाराला पोहोचलो तर रस्ता पाण्याखाली, लोक काठावर उभे. दोन तास थांबून परत आलो. भरतीची वेळ सामान्य माणसानं आधी कशी ओळखायची? (कोल्हापूर)

तुम्ही नेमकी चुकीची तिथी आणि नेमका चुकीचा तास निवडलात. पौर्णिमा-अमावास्येला मुंबईत दुपारी बारा आणि मध्यरात्री बाराच्या मागेपुढे भरती असते, आणि तीही उधाणाची, म्हणजे महिन्यातली सगळ्यांत मोठी. दर्ग्याकडे जाणारा रस्ता सखल आहे, तो तेव्हा बुडतोच. त्याच दिवशी सकाळी आठला किंवा दुपारी चारनंतर गेला असतात तर कोरड्या पायानं पोहोचला असतात.

कोकणातल्या आणि कोळीवाड्यांतल्या लोकांचा हिशेब साधा आहे: तिथीची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर ४ गुणिले पाऊण, म्हणजे ३. पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला ६. एकादशीला सव्वाआठ. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हेच गणित, कारण दर पंधरा तिथींनी चक्र पुन्हा पहिल्यापासून. भरतीनंतर साधारण सहा तास दहा मिनिटांनी पूर्ण ओहोटी.

हे गणित का चालतं? भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, आणि तिथीही रोज एकानं. अर्ध्या ते एका तासाची चूक धरून चाला. पौर्णिमा-अमावास्येला उत्तर सव्वाअकरा येतं, प्रत्यक्षात भरती बाराकडे झुकते. त्यामुळे दिवस ठरवायला पंचांग, आणि तास पक्का करायला भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी तितकं चढत नाही. हाजीअलीसाठी तेच दिवस निर्धास्त.

हेच कोष्टक उलटंही वापरा. पौर्णिमेला दुपारी भरती म्हणजे सूर्यास्ताला ओहोटी. जुहूचा किनारा त्या संध्याकाळी सगळ्यांत रुंद असतो.

प्रश्न : फ्लेमिंगो पाहायला जानेवारीत शिवडीला गेलो होतो. दुर्बिणीतूनही गुलाबी ठिपकेच दिसले. वर्तमानपत्रातल्या फोटोंसारखे जवळ कधी येतात? (नाशिक)

तुम्ही ओहोटीला गेला असणार. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, उथळ पाण्यातल्या चिखलात चोच उलटी घालून चरतात. पूर्ण ओहोटीला चिखल एक-दीड किलोमीटर आत उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेला, म्हणजे लांब जातात. पूर्ण भरतीला पाणी त्यांच्या पायांना जास्त होतं आणि ते उडून जातात. त्यामुळे वेळ उरते ती मधली. भरतीच्या तीन तास आधीपासून एक तास आधीपर्यंत चढतं पाणी थव्याला तुमच्याकडे ढकलत आणतं. भरती उतरताना तसाच आणखी एक टप्पा मिळतो, पण तेव्हा ते लांब जात असतात.

शिवडीचा धक्का शहराच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, त्यामुळे सकाळी सूर्य तोंडावर येतो आणि पक्षी काळे दिसतात. फोटो हवे असतील तर संध्याकाळी पाच ते सहाची भरती निवडा. पाऊणपटीचं गणित लावलं तर सप्तमी-अष्टमी. दुपारी अडीच-तीनला तिथे उभे राहा. शिवडी लोकलच्या हार्बर मार्गावर आहे, स्टेशनच्या पूर्वेकडून ट्रकांच्या वर्दळीतून वीस मिनिटांची चाल. रविवारी हार्बरवर ब्लॉक असला तर तास जाईल, आणि इथे तास गेला म्हणजे पक्षी गेले.

खरं सांगायचं तर जवळच अटल सेतूचं काम झाल्यापासून शिवडीचा भरवसा पूर्वीसारखा राहिलेला नाही. दोन पर्याय आहेत. ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यातून बोटीनं फिरवतं. ही खाडी २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. खाडी उथळ असल्यानं बोटी भरतीच्या हिशेबानंच सुटतात, वेळ रोज बदलते, म्हणून आधी आरक्षण करून दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा. ‘दहा वाजता असते ना बोट’ असं गृहीत धरून जाणारे हमखास परत येतात.

दुसरा पर्याय नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागा. इथलं गणित बरोबर उलटं: खाडी भरली की पक्षी विसाव्याला या तळ्यांवर येतात, तेव्हा पूर्ण भरतीची वेळ धरा. मात्र तळ्यात खाडीचं पाणी येण्याच्या वाटा बुजल्या की पाणी साचून राहतं आणि पक्षी पाठ फिरवतात. जायच्या आठवड्यात कोणी पाहिले आहेत का, याची चौकशी करून मगच निघा.

ओळखायचे कसे: जास्त गडद गुलाबी, बुटका, काळपट चोचीचा तो लहान रोहित, उंच, जवळजवळ पांढरा, गुलाबी चोचीचं टोक तेवढं काळं असलेला तो मोठा. नोव्हेंबर-डिसेंबर ते मे हा हंगाम, पण फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्यांत चांगला.

प्रश्न : उघड्या टपाची डबलडेकर ‘नीलांबरी’ अजून चालते का? (छत्रपती संभाजीनगर)

नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती बंद झाली. बेस्टची विजेवरची वातानुकूलित डबलडेकर आहे. सीएसएमटी ते नरिमन पॉइंटची ए-११५ पकडा, शेवटच्या नाही तर पहिल्या थांब्यावर चढा, वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळवा. काचेआडून का होईना, वरून शहर दिसतं. उघड्या टपाची मजा त्यात नाही, पण ऊनही नाही.

प्रश्न : दक्षिण मुंबईतल्या इमारतींचे फोटो काढायला एक दिवस आहे. कुठून सुरुवात करू? आर्ट डेको म्हणजे नेमकं काय बघायचं? (पुणे)

ओव्हल मैदानावरून. चर्चगेट स्टेशनपासून पाच मिनिटांवर, आणि या शहरात यापेक्षा चांगली शिकवणी फुकट मिळत नाही. मैदानाच्या पूर्वेला व्हिक्टोरियन गॉथिक, म्हणजे ब्रिटिश काळातली टोकदार कमानींची दगडी शैली: विद्यापीठ, ८५ मीटरचा राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय. टॉवर आणि न्यायालय दोन्ही १८७८ चे. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या राहत्या इमारतींची आर्ट डेको रांग. मधे फक्त गवत आणि क्रिकेट. युनेस्कोनं २०१८ मध्ये हे दोन्ही मिळून जागतिक वारसा ठरवलं.

उन्हाची दिशा बघा. डेको रांगेची तोंडं पूर्वेला, म्हणून ती सकाळी साडेसात ते नऊ. गॉथिक इमारतींची मैदानाकडची बाजू पश्चिमेला, म्हणून ती संध्याकाळी साडेचार ते सहा. लोक नेमके दहाला येतात, टॉवरकडे कॅमेरा रोखतात आणि आकाश पांढरं, दगड काळा असा फोटो घेऊन जातात. मरीन ड्राइव्हवरही डेको इमारती आहेत, पण त्यांची तोंडं समुद्राकडे म्हणजे पश्चिमेला, त्या संध्याकाळच्या. सीएसएमटीही संध्याकाळचीच, महापालिकेच्या इमारतीसमोरून. थोडक्यात, सकाळी ओव्हलची पश्चिम बाजू, दुपारी जेवण आणि वामकुक्षी, चारनंतर ओव्हलची पूर्व बाजू, सूर्यास्ताला मरीन ड्राइव्ह, दिवे लागल्यावर सीएसएमटी.

डेकोत काय बघायचं? आधी खिडक्यांवरचे सलग, पातळ छज्जे बघा. त्यांना भुवया म्हणतात आणि त्या दिसतातही तशाच. काम दुहेरी: दुपारचं ऊन आणि तिरका पाऊस दोन्ही खिडकीबाहेर ठेवायचे. मग कोपरे: गोल वळलेल्या बाल्कन्या. दगडात हे महागडं होतं, सिमेंट काँक्रीटनं सोपं केलं. जहाजासारखे कठडे आणि गोल खिडक्या, कारण आगबोट ही त्या काळातली सगळ्यांत ऐटबाज गोष्ट. लोखंडी जाळ्यांत लाटा, उगवता सूर्य, कमळं. आणि दारावरच्या नावाची अक्षरं. एका रांगेत दोन इमारतींची अक्षरं सहसा सारखी नसतात. चर्चगेटसमोरचं १९३८ चं इरॉस चित्रपटगृह बघा, तांबडा दगड आणि फिकट रंगाचा गिलावा, वर पायरी-पायरीनं चढत गेलेला मनोरा.

झाडांच्या फांद्या टॉवरच्या आड येतात, म्हणून मैदानाच्या मध्यावर या. पण झाकून ठेवलेल्या खेळपट्ट्यांवरून चालू नका, शिव्या खाल. न्यायालयाच्या आवारात फोटो काढू नका. राहत्या इमारतींच्या जिन्यांची जाळी कितीही सुंदर असली तरी विचारल्याशिवाय आत शिरू नका.

प्रश्न : कान्हेरी पावसाळ्यात बघावी म्हणतात, आणि पावसाळ्यात जाऊ नये असंही म्हणतात. मुलं १० आणि १३ वर्षांची आहेत. (इंदूर)

दोन्ही खरं आहे. मुसळधार पावसाच्या इशाऱ्याच्या दिवशी जाऊ नका, रिमझिम असलेल्या दिवशी जरूर जा. लेणी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत, आणि ते सोमवारी बंद असतं. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेकडून उद्यानाचं दार चालत पंधरा मिनिटं, दारापासून लेणी साधारण सहा किलोमीटर. उद्यानाच्या बस असतात, सायकली भाड्यानं मिळतात. सायकल घेणार असाल तर ब्रेक आणि सीट तिथेच तपासा. शेवटचा टप्पा चढाचा आहे आणि उतरताना ओल्या रस्त्यावर मुलांची सायकल घसरते. साडेआठपर्यंत आत असा.

शंभरावर लेणी आहेत, सगळी बघायचा हट्ट नको. क्रमांक ३ चा चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह, आणि त्याच्या ओसरीतल्या दोन भव्य बुद्धमूर्ती, ११ क्रमांकाचं दरबार म्हटलं जाणारं लेणं, आणि वर चढून ४१ मधला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर. एवढ्याला अडीच तास पुरतात.

पण पावसात बघायचं ते पाणी. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी जमिनीत एक चौकोनी तोंड दिसेल, ते टाकं. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलं आहे. आता वर बघा: कातळावर बोट-दोन बोटं खोल पन्हळी कोरल्या आहेत. डोंगरावरचं पाणी त्यातून वाहत टाक्यात पडतं, आणि जास्तीचं पुढच्या पन्हळीतून खालच्या टाक्यात. उन्हाळ्यात या नुसत्या रेघा वाटतात. पावसात त्या चालू असतात, दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेल्या असूनही. मुलांना वर एक वाळकं पान सोडायला सांगा आणि ते कुठे जातं ते बघा. टाक्यांच्या काठावर मात्र उभं राहू देऊ नका, आतल्या बाजूला धरायला काही नसतं.

बूट खोबणीदार तळाचे हवेत. क्रॉक्स आणि रबरी चपला शेवाळलेल्या बसाल्टवर साबणासारख्या सरकतात. लेण्यांपाशी खाण्याची सोय धरू नका. पाणी, पोळीभाजी बरोबर, पण माकडांपासून झाकून. ओढ्यात उतरायचं नाही. वर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो.

प्रश्न : वांद्र्याला बॅंडस्टँडच्या खडकांवर किती आतपर्यंत जाता येतं? आणि गिरगाव चौपाटीवर पोहता येईल का? (अमरावती)

खडकांवर अजिबात जाऊ नका. बाहेरगावच्या माणसाला वाटतं की पाणी समोरून येणार. तिथे ते खडकांमधल्या खोलगट वाटांतून आधी मागे भरतं, तुम्ही पुढे लाटा बघत असता आणि परतीची वाट गेलेली असते. मरीन ड्राइव्हवर लाटा अडवायला टाकलेल्या सिमेंटच्या चौपायांचंही (टेट्रापॉड) तेच: फटींत पाय अडकतो, शेवाळ आणि लाट एकदमच येतात. दोन्हीकडे बसायला कठडा आहे आणि सूर्य तिथूनही तेवढाच दिसतो.

गिरगावला पोहण्यासारखं पाणी नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात जेलीफिश येतात, गणेशविसर्जनाच्या वेळी दरवर्षी काही जणांना डसतात. पाय भिजवायला गेलात तरी अनवाणी जाऊ नका. भेळ खा, आणि उजेड असताना वर मलबार हिलला कमला नेहरू उद्यानात जा. तिथल्या झाडांमधून गेलेला ४८५ मीटरचा लाकडी उन्नत मार्ग २०२५ मध्ये सुरू झाला आहे. त्याचं तिकीट ऑनलाइन आणि तासाच्या हिशेबानं मिळतं, शनिवार-रविवारची संध्याकाळ आधी भरते. सकाळी सातला जा, पक्षीही तेव्हाच असतात.